पॅसेजमधलं झीझी : उजेड कमी, पाणी त्याहून कमी

पुण्यातल्या फ्लॅटचा पॅसेज. उजेड येतो तो उत्तरेच्या एका खिडकीतून, आणि झीझीचं झाड ठेवायचं तो कोपरा खिडकीपासून नऊ फुटांवर. डोळ्यांना तिथे उजेड पुरेसा वाटतो, दुपारी दिवा न लावता पेपर वाचता येतो. मोबाइलवर लक्स (उजेडाचं एकक) मोजायचं फुकट ॲप टाकून पाहिलं: खिडकीच्या कट्ट्यावर २५००, तीन फुटांवर ७०० आणि कोपऱ्यात १२०. फोनचा सेन्सर म्हणजे काही प्रयोगशाळेतलं यंत्र नव्हे. पण एकाच फोनने एकाच दुपारी घेतलेले आकडे आपापसांत ताडून बघायला चालतात. आता नर्सरीशी तुलना करा. तिथे ही झाडं बहुतेक ७५ टक्क्यांच्या हिरव्या शेडनेटखाली असतात. बाहेर भर दुपारचं ऊन लाखभर लक्स धरलं तर जाळीखाली वीस-पंचवीस हजार उरतात. म्हणजे कोपऱ्यातला उजेड नर्सरीतल्या उजेडाच्या दोनशेव्या हिश्शाइतका. डोळा कमी उजेडाशी जुळवून घेतो आणि आपल्याला हा फरक जाणवत नाही. पानाला ती सोय नाही.

अशा जागी मनीप्लांट जगतो, पण लांबच लांब, विरळ पानांचा होतो. स्नेक प्लांट टिकतं, मात्र महिनोन् महिने आहे तसंच उभं राहतं. झीझी निवडलं ते पाण्याच्या साठ्यामुळे. झामिओकल्कस झामिफोलिया हे त्याचं शास्त्रीय नाव. पानं झामिया नावाच्या सायकॅडसारखी (ताडासारख्या दिसणाऱ्या, बिनफुलांच्या झाडांचा एक जुना गट) दिसतात म्हणून तसं. मूळचं पूर्व आफ्रिकेतलं, केनिया-टांझानियापासून खाली दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य भागापर्यंतचं. वर्णन १८२९ मध्येच झालं होतं, पण घराघरांत पोचलं ते डच रोपवाटिकांनी १९९६ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर रोपं करायला घेतल्यानंतर. कूळ मात्र आपल्या ओळखीचं: अळू आणि सुरण याचे भाऊबंद. मातीखाली बटाट्याएवढे कंद, वर रसाळ दांडे. दोन्हींत पाणी भरलेलं. पाण्याचा ताण पडला की ते दिवसा पर्णरंध्रं मिटून घेऊन रात्री उघडू शकतं, निवडुंगासारखं. हे सगळं कोरड्या काळासाठी जमवलेलं आहे. अंधाराशी त्याचा थेट संबंध नाही. ही गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं सगळं सोपं जातं.

आणखी एक. ज्याला आपण फांदी म्हणतो ती फांदी नाही. जमिनीतून वर आलेला अख्खा दांडा म्हणजे एक संयुक्त पान आहे आणि त्यावरची जाड, चकचकीत ‘पानं’ या त्या पानाच्या पर्णिका. म्हणून दांड्याचा शेंडा मोडला तर तो परत वाढत नाही, खुडल्याने फुटवेही येत नाहीत. नवं जे काही यायचं ते कंदातून, मातीतून वर.

रोप घेतलं जानेवारीच्या शेवटी: सहा इंची काळी कुंडी, पाच दांडे, उंची दीड फूट. घेताना पर्णिकांची चमक बघत बसू नये, कारण विक्रीआधी पुष्कळ ठिकाणी पानांवर शाइन मारलेलं असतं. दांडा जिथे मातीत शिरतो तिथे दोन बोटांनी दाबून बघावं. घट्ट लागला पाहिजे. जरा जरी पिचपिचीत लागला तर ते रोप तिथेच ठेवायचं. कुंडीच्या भिंती बाहेर फुगलेल्या दिसल्या तर उलट चांगलं, आत कंद भरलेत. दांड्यावरचे गडद, आडवे ठिपके-पट्टे रोग नव्हेत. ते त्या झाडाचे जन्मजात आहेत. नव्या लोकांचे निम्मे घाबरलेले प्रश्न त्या ठिपक्यांबद्दलच असतात.

घरी आणल्यावर थेट कोपऱ्यात न ठेवता पंधरा दिवस खिडकीपासून तीन फुटांवर ठेवलं आणि त्या काळात पाणी दिलं नाही. नर्सरीतलं पाणी अजून आत होतंच. किती होतं ते कुंडी बदलताना कळलं.

कुंडी आडवी करून बाजूंनी थापट्या मारल्या आणि मातीचा गड्डा बाहेर ओढला. माती अशी नव्हतीच, निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. वरचा दोन इंचांचा थर भुसभुशीत, कोरडा, आणि आतला गाभा मुठीत दाबला तर बोटांमधून पाणी ठिबकलं. शेवटचं पाणी मिळून किमान सतरा दिवस झाले होते. नर्सरीत हे चालतं. तिथे उजेड आहे, वारा आहे, झाड भराभर पाणी ओढतं. पॅसेजमध्ये हाच गाभा दीड-दोन महिने ओला राहिला असता आणि कंद सडले असते. ‘कमी उजेडात झीझी मेलं’ अशी जी तक्रार येते, तिचं मूळ बहुतेक वेळा या कोकोपीटच्या गाभ्यात असतं. उजेड कमी म्हणजे अन्न तयार होणं कमी, म्हणजे पाण्याची ओढ कमी. माणूस मात्र पाणी देतो रविवार बघून.

बोटांनी कोकोपीट सोडवत कंद मोकळे केले. मुळं जाड, पांढरट, ठिसूळ. ओढली की तुटतात, म्हणून गाभा बादलीभर पाण्यात दहा मिनिटं बुडवून हलवला. एकूण सहा कंद निघाले, सुपारीपासून लहान बटाट्यापर्यंतचे. त्यातला एक तपकिरी आणि दाबल्यावर आत जाणारा. तो धारदार सुरीने पांढरा, कोरडा भाग दिसेपर्यंत कापला आणि कापावर हळद लावली. हळद सवयीने लावतो एवढंच. खरं काम करतं ते वाळणं. कापलेला कंद दोन दिवस सावलीत, वर्तमानपत्रावर उघडा ठेवला. काप चामड्यासारखा झाला की लावायला तयार. हे करताना हातमोजे घाला किंवा नंतर साबणाने हात स्वच्छ धुवा. अळू चिरताना हाताला खाज सुटते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, आणि झीझीतही तेच आहेत. लहान मूल किंवा मांजर पानं चावणारं असेल तर झाड उंचावर हवं. त्याच्या नुसत्या असण्याने कॅन्सर होतो, हे जे फिरत असतं त्याला मात्र काही आधार नाही.

मिश्रण असं केलं: लाल माती एक भाग, कोकोपीट एक भाग, विटांचे तुकडे दोन भाग आणि गांडूळखत अर्धा भाग. वर एक मूठ निंबोळी पेंड. विटांचे तुकडे ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे; मोठ्या भोकांच्या चाळणीने चाळून खालची पूड टाकून द्यायची, नाहीतर तीच चिखल करते. पर्लाइट (भाजून फुगवलेल्या खनिजाचे पांढरे, हलके दाणे) मिळत असेल तर विटांच्या जागी ते घ्या, हलकं पडतं. काळी माती अजिबात नको. ओली झाली की फुगते, वाळली की कुंडीच्या कडेपासून सुटून भेगाळते. मग पाणी भेगेतून थेट खाली जातं आणि कंद कोरडेच राहतात. हे मिश्रण मुठीत दाबून सोडलं तर ढेकूळ न राहता लगेच विस्कटलं पाहिजे. नाही विस्कटलं तर आणखी विटा घाला.

कुंडी सात इंची, प्लास्टिकची, तळाला सहा भोकं. जुन्या कुंडीपेक्षा एकच इंच मोठी. मोठ्या कुंडीत झाड लवकर मोठं होईल हा हिशेब इथे उलटा पडतो, कारण जिथे मुळं नाहीत तिथली माती कोणी पीत नाही आणि ती ओलीच राहते. मातीची कुंडी जास्त क्षमाशील, तिच्या भिंतींतूनही पाणी उडतं. पाणी जास्त घालायचा हात असेल तर तीच घ्या. तळाला खडीचा थर घालायची पद्धत मी सोडून दिली आहे. बारीक मातीतलं पाणी भरड खडीत सहजी उतरत नाही, ते खडीच्या वरच थबकतं, म्हणजे ओला थर कंदांच्या आणखी जवळ येतो. भोकावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळीचा चौकोन पुरतो, तोही माती सांडू नये म्हणून.

कंदांचा वरचा भाग मातीच्या पातळीच्या जेमतेम अर्धा इंच खाली ठेवला. दांडे पाच दिशांना कलत होते, त्यांना सुतळीने सैल बांधलं आणि महिन्याभराने सोडलं. लावल्यावर आठवडाभर पाणी नाही, तुटलेल्या मुळांच्या जखमा भरू द्यायच्या. आठव्या दिवशी ९०० मिली पाणी दोन हप्त्यांत, मध्ये दहा मिनिटं थांबून. साधारण २०० मिली खालून निघालं. अर्ध्या तासाने ताटली रिकामी केली. ताटलीत पाणी साचू देणं म्हणजे खालच्या मुळांना तळ्यात उभं करणं.

आता वजनाचा काटा. स्वयंपाकघरातला दहा किलोंचा साधा काटा यासाठी बोटापेक्षा, काडीपेक्षा, त्या बाजारातल्या दोन दांड्यांच्या, मातीतली ओल मोजायच्या मॉइश्चर मीटरपेक्षा भरवशाचा निघाला. पाणी निथळल्यावर कुंडी भरली ३.२ किलो. मग दर चार-पाच दिवसांनी काट्यावर. सुरुवातीला वजन रोज पंचेचाळीस-पन्नास ग्रॅमने उतरलं, नंतर वेग मंदावला आणि २.५ किलोच्या आसपास रेंगाळला. त्या दिवशी बांबूची काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटं ठेवली. कोरडी आणि स्वच्छ बाहेर आली. म्हणजे २.५ हा कोरडा आकडा. तो मार्करने कुंडीवरच लिहून ठेवला. काटा २.५ दाखवत नाही तोवर पाणी नाही, मग घरातलं कोणी काही म्हणो. फेब्रुवारी-मार्चमध्ये या प्रवासाला २२ दिवस लागले, एप्रिलमध्ये १६, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ४१. एकच झाड, एकच कुंडी. ‘आठवड्यातून एकदा’, ‘पंधरा दिवसांतून एकदा’ असे सल्ले का फसतात ते या तीन आकड्यांत आहे. मुंबईत किंवा कोकणात हवा आणखी दमट, तिथे पावसाळ्यातला आकडा याहून लांबेल. नवा कंद किंवा दांडा आला की कोरडं वजन शे-दीडशे ग्रॅमने सरकतं, म्हणून वर्षातून दोनदा काडी घालून तो आकडा पुन्हा ठरवायचा.

पाणी कुठलं, हेही बघावं लागतं. बोअरच्या जड पाण्याने मातीवर पांढरा पापुद्रा येतो आणि पर्णिकांची टोकं तपकिरी होतात. आरओच्या फिल्टरमधून वाया जाणारं पाणी झाडांना घालणं काटकसरीचं वाटतं, पण त्यात क्षार एकवटलेले असतात, ते लादी पुसायला ठेवा. एसीतून ठिबकणारं पाणी चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

फेब्रुवारी आणि मार्च असे गेले की काहीच घडलं नाही. पानं टवटवीत, नवा कोंब एकही नाही. १२० लक्समध्ये झीझी जगतं, साठ्यावर निभावतं, पण वाढत नाही. दोन-तीन वर्षं असं राहिलं की जुने दांडे एकेक करून पिवळे पडतात आणि त्यांची जागा घ्यायला नवं काही येत नाही. ‘अंधारात वाढणारं झाड’ ही विकणाऱ्याची भाषा आहे. (हवा शुद्ध करण्याची बातही तशीच. तिला दाखला दिला जातो तो नासाचा १९८९ चा अभ्यास बंदिस्त पेट्यांमध्ये केलेला होता; घराची हवा खिडकी-दारांतून सतत बदलत असते.)

म्हणून एप्रिलमध्ये झाडाच्या शेंड्यापासून दीड फूट उंचीवर साधा पांढरा नऊ वॉटचा एलईडी बल्ब टांगला. जांभळा ग्रो लाइट नको होता, पॅसेजमध्ये तो डोळ्यांना खुपतो आणि इथे गरजही नाही. वरच्या पर्णिकांवर मोजलं तर ८५० लक्स. टायमर लावून सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत, बारा तास. नऊ वॉट गुणिले बारा म्हणजे दिवसाला १०८ वॉट-तास, महिन्याला सव्वातीन युनिट. चोवीस तास दिवा ठेवायची गरज नाही. बल्बची उंची महत्त्वाची: दीड फुटाचे तीन फूट केले तर उजेड निम्मा होत नाही, जवळजवळ चौथाई होतो. छताला दिवा आहे म्हणून झाडाला उजेड आहे असं समजणारे इथे चुकतात.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माती एका जागी किंचित उचलली गेली आणि बांबूच्या कोंबासारखं टोकदार, पोपटी टोक वर आलं. तो कोंब आधी सरळ भाल्यासारखा सात-आठ इंच चढला, सगळ्या पर्णिका अंगाला घट्ट चिकटवून. मग खालून वर एकेक जोडी उलगडत गेली. कोंब दिसल्यापासून शेवटची जोडी उघडेपर्यंत पाच आठवडे. या काळात पर्णिका इतक्या मऊ असतात की कपडा घासला तरी डाग पडतो. कुंडी हलवू नये. उलगडून गडद झाल्यावर मात्र दर पाण्याला कुंडी पाव फेरा फिरवावी, नाहीतर सगळं झाड खिडकीकडे वाकतं. ऑगस्टमध्ये दुसरा कोंब आला. वर्षाला दोन-तीन दांडे, एवढीच या उजेडाची कमाई.

खत त्याच मापाने. १९:१९:१९ चं (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) पाण्यात विरघळणारं खत, लिटरला अर्धा ग्रॅम, वर्षातून दोनदा: एकदा मार्चमध्ये, एकदा पहिला कोंब उलगडल्यावर. तेही ओल्या मातीत. न खाल्लेलं खत मातीत क्षार म्हणून साठतं, आणि कमी उजेडातलं झाड फार खात नाही.

बिघाड दोन झाले. पहिला जुलैच्या शेवटी: सर्वांत जुना दांडा बुडापासून पिवळा पडायला लागला. पिवळेपणा कुठून सुरू झाला आणि बूड कसं लागतं, हे दोन प्रश्न आधी. बूड मऊ, पिवळेपणा खालून वर, एकाच वेळी दोन-तीन दांडे: सड, कुंडी लगेच उपसा. बूड घट्ट, दांडा एकच आणि तोही सर्वांत जुना: वय झालं. इथे बूड घट्ट होतं, काटा २.९ दाखवत होता, वासही नव्हता. दांडा पूर्ण पिवळा होऊ दिला, मग हाताने हलकं ओढल्यावर तो आपसूक सुटून आला. हिरव्या पर्णिका टपटप गळायला लागल्या आणि दांड्यावर सुरकुत्या आल्या तर उलटी तक्रार, पाणी फार लांबलंय. झाड पर्णिका टाकून कंद वाचवत असतं. पोटभर पाणी दिलं की सावरतं.

दुसरा बिघाड पिठ्या ढेकणाचा. पर्णिका दांड्याला जिथे जोडलेली असते त्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके. सॅनिटायझरमध्ये बुडवलेल्या कानकोरणीच्या कापसाने एकेक टिपून काढले, दुसऱ्या दिवशी कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारलं. आठ दिवसांच्या अंतराने एकूण तीनदा, कारण अंड्यांवर पहिल्या फवारणीचा फारसा परिणाम होत नाही. बारीक काळी चिलटं मातीवर घोंगावताना दिसली तर औषधाआधी काटा बघा; ती ओल्या मातीची चुगली असते. धूळ ओल्या फडक्याने महिन्यातून एकदा पुसायची. तेल, दूध, शाइन काही लावायचं नाही. मुळात उजेड कमी, त्यावर आणखी थर कशाला.

रोपं करायला दोन वाटा. कंद वेगळे करून लावले तर महिन्या-दोन महिन्यांत रोप स्थिरावतं, पण प्रत्येक तुकड्याला कंद आणि निदान एक दांडा हवा. दुसरी वाट पर्णिकेची, स्वस्त आणि अतिशय संथ. जूनच्या सुरुवातीला एका दांड्याच्या मधल्या भागातल्या बारा पर्णिका बुडासकट काढल्या, एक दिवस वाळवल्या आणि श्रीखंडाच्या डब्याला तळाशी भोकं पाडून, निम्मं कोकोपीट-निम्मे विटांचे तुकडे भरून, त्यात जेमतेम अर्धा इंच खोचल्या. डबा पॅसेजमध्ये नव्हे, खिडकीच्या कट्ट्यावर. कंद बांधायला अन्न लागतं आणि ते तिथल्या २५०० लक्समध्येच जमतं. आठवड्याला चार चमचे पाणी. तीन पर्णिका सडल्या, त्या जास्त खोल खोचलेल्या होत्या. सप्टेंबरमध्ये एक हळूच उपटून बघितली: बुडाशी वाटाण्याएवढा कंद, त्याला दोन मुळं. परत खोचली. डिसेंबरपर्यंत चार पर्णिका पिवळ्या होऊन वाळल्या. इथे बहुतेक जण डबा उपडा करून टाकतात. पर्णिका वाळली तरी तिने खालचा कंद भरून ठेवलेला असतो, म्हणून वाळलेलं पान कात्रीने कापलं आणि डबा तसाच राहू दिला. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला कोंब आला, काडेपेटीतल्या काडीएवढा, आणि तो त्या वाळून गेलेल्या चारांपैकीच एकाच्या कंदातून होता.